उरक

उणे एकावन्न.
खिडकीबाहेरच्या काट्याकडे अकुलिना बघतच नाही.
आकडा वाचून तो कमी होत नाही,
आणि गाईला आकडे कळत नाहीत.

आधी चूल. कालची राख, लार्चच्या ढलप्या.
मग पिंप, तळाशी वीतभर पाणी.
अंगणात तळ्याच्या बर्फाच्या लाद्या रचलेल्या,
नोव्हेंबरात करवतीनं कापलेल्या, निळ्या,
एकेक नवजात वासराएवढी जड.
एक उचलायची. छातीशी धरायची.
दार ढोपरानं लोटायचं.
पिंपात पडताना ती असा आवाज करते
जणू कोणीतरी घरी आलं.

कोणी येत नाही.
गाव्रील पलंगावर जागा असतो.
त्याची उजवी बाजू गेल्या उन्हाळ्यात गेली,
गवत कापता कापता, वाक्याच्या मध्येच.
शब्द आहेत, पण उशिरा पोचतात,
धुक्यातून ट्रक यावा तसे,
आधी नुसती घरघर, मग कधीतरी दिवे.
त्याला उठवायचं, पुसायचं, खिडकीशी बसवायचं,
डाव्या हातात वस्तरा द्यायचा
आणि रक्त दिसेपर्यंत मध्ये पडायचं नाही.
हे शेवटचं सगळ्यात अवघड.

गोठ्यात एरिएन.
तिच्या कासेला सशाच्या कातड्याची झूल बांधायची,
मग तिला तळ्यावरच्या भोकापाशी न्यायची.
दूध वाडग्यांत ओतून बाहेर ठेवायचं,
घटकाभरात त्याच्या पांढऱ्या थाळ्या होतात.

आणि मग ते काम.
मनातसुद्धा ती त्याचं नाव घेत नाही.
अंगणाच्या टोकाला फळ्यांचा संडास,
खड्ड्यातून वर वर चढत आलेला
गोठलेला, टोकदार सुळका.
दर मंगळवारी तो पहारीनं फोडावा लागतो,
नाहीतर बसायला जागा उरत नाही.
चाळीस वर्षं हे गाव्रील करत आला.
त्यावर घरात एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.
ती समजत होती, खड्डा खोल आहे.

पहिल्या मंगळवारी ती दारातूनच परतली.
दुसऱ्या मंगळवारी रडली,
तर पापण्या एकमेकींना चिकटल्या,
हातमोज्यात फुंकून फुंकून सोडवाव्या लागल्या.
तेव्हापासून रडायचं ते आत, चुलीपाशी,
वेळ मिळाला तर.

आज जिवावर आलं होतंच.
पहार दुहेरी हातमोज्यांतूनही चावते.
घाव. ठण्ण. नखाएवढा टवका.
घाव. ठण्ण. तोही नाही.

खिडकीवर टकटक. चमच्यानं.
काचेवरच्या बर्फाच्या नक्षीत
गाव्रीलनं श्वासानं पाडलेलं रुबलएवढं भोक,
आणि भोकात एक डोळा.

बूट न काढताच ती आत आली.
"काय?"

तो शोधत राहिला. ओठ एका कडेला गेले.
लाकूड तडतडलं. ती थांबली,
आपण थांबलोय हे त्याला दिसू न देता.

"वरून... नको," तो म्हणाला.
"खालून. कुशीत."

ती पुन्हा बाहेर.
खालून, कुशीत.
तिसऱ्या घावाला अख्खा सुळका आडवा झाला,
जुनं झाड पडावं तसा, सावकाश, मानानं.
तिला हसू फुटलं,
आणि हसण्याची वाफ कानाशी कुजबुजत
खाली भुकटी होऊन सांडली.

आत टेबलावर फळी,
फळीत खिळा, शेजारच्या द्युलुसनं ठोकून दिलेला.
खिळ्याला खोचून, एका हातानं सोललेले
तीन बटाटे.
सकाळभरात तीन.
अर्धा अर्धा सालीतच गेलेला,
एकावर रक्ताचा गुलाबी डाग.

ती वा म्हणाली नाही.
त्यानंही विचारलं नाही, पडला का.
साली तिनं एरिएनच्या बादलीत टाकल्या,
गुलाबी बटाटा धुतला,
आणि चौथा घेऊन
खिळ्यावर नीट खोचून दिला.

आता पुढच्या मंगळवारपर्यंत
त्या कामाचं नाव काढायचं नाही.