डबल चादर

अन्ना हिप्परग्याच्या तळ्यावर गेला
त्या दिवशी बेचाळीस डिग्री होतं.
"जा की, पोहून ये," नायना म्हणाला होता,
मागाच्या खडखडाटात, वर न बघता.

एवढंच वाक्य.
अम्मानं ते जपलं,
तेंदूच्या पानात तंबाखू भरावी
तसं रोज चिमूट चिमूट भरून,
दोरा आवळून.
हजार विड्या वळून झाल्या की म्हणायची,
"जा की, पोहून ये."
नायना ताटावरून उठायचा.
कडक भाकरी तशीच. शेंगाचटणीत
दोन बोटांची खूण.

मी त्याच महिन्यात मोठी झाले.
अम्माला सांगायला गेले
तर ती अन्नाचे शर्ट बोहारणीला देत होती
आणि परत मागून घेत होती.
शेजारच्या अंबूबाईनं
कापडाची घडी कशी घालायची ते दाखवलं,
वर गुळाचा खडा दिला.

मग कारखान्यात विड्या मीच नेऊ लागले.
तिथला माणूस सैल विड्या बाजूला टाकायचा. छाट.
"आईचा हात बसेना झालाय गं."
मी म्हटलं, त्या माझ्या आहेत. मी वळलेल्या.
ओळखलं असेल त्यानं.
तरी चार परत गठ्ठ्यात ठेवल्या.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला.
सोळाव्या वर्षी यमाला माघारी धाडणारा पोरगा,
आमचाच पूर्वज म्हणे.
आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या कट्ट्यांवर उभे.
अन्नाला सोळा पुरे व्हायला
एकोणीस दिवस कमी होते.
दुसऱ्या दिवशी नायना भिवंडीला गेला.
भांडण नाही. बाजेवर एक नवी डबल चादर,
दोघांपुरती. किनारीला अजून खळीचा वास.

आता लाइटबिल मी भरते.
चादरीत एका कडेला अम्मा, एका कडेला मी.
मधली जागा कुणी ओढत नाही.

काल रात्री त्याचा फोन आला.
मी हॅलो म्हटलं, तो काहीच बोलेना.
मागे यंत्रमाग चाललेले, खट खट्, खट,
मध्येच एक खट् उशिरा.
फोन मी अम्माच्या कानाला लावला.
ती बराच वेळ ऐकत राहिली.
मग तोंड फिरवून मलाच म्हणाली,
"धोटा अडकतोय त्याचा.
सांग त्याला."