उजव्या बाजूला

अक्कलकोट रोडवर पगाराची थैली लुटली गेली,
त्यानंतर चौदा महिन्यांनी परवाना आला.
मधल्या काळात आयुक्तालयाच्या इतक्या पायऱ्या चढलो
की खालचा चहावाला विचारायचा,
काय मालक, आज सही?

बायको म्हणाली, कपाटात ठेवा, चादरींच्या खाली.
मी म्हटलं, चादरीखालीच ठेवायचं
तर चादरी काय कमी होत्या घरात?
सदरा आत खोचला, वरून पट्टा,
पट्ट्याला नवं करकरीत कातडं,
आणि साखर पेठेत उतरलो.

शहर जरासं बाजूला सरकलं.
नव्या पेठेतल्या पोराने पार्किंगची पावती फाडलीच नाही.
पानवाल्याने सुटे परत केले, न मागता.
एका लहान पोरीने विचारलं, खरंय का ते?
तिच्या आईने तिचं तोंड नाही, डोळे झाकले.

मला आवडलं. खोटं कशाला सांगू.

शनिवारी पगार.
राजव्वा वडिलांच्या वेळेपासून कांड्या भरते.
नोटा घ्यायची, बोटाला थुंकी लावायची,
दोनदा मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू,
आणि दर शनिवारी काहीतरी भांडण उकरायची.
त्या दिवशी तिने नोटा पदरात बांधल्या, न मोजता,
आणि दारापर्यंत गेली
माझ्याकडे पाठ न फिरवता.
मला वाटलं, मान देतेय.

मग विजापूर नाका, रात्रीचे साडेअकरा, नाकाबंदी.
हवालदार मुलाणींची बॅटरी
माझ्या तोंडावर यायच्या आधी कमरेवर आली.
लायसन?
आहे ना.
खिसा उजवा.
पिस्तूलही उजव्याच बाजूला.
हात निघाला होता. अर्ध्या वाटेत
पलीकडून बंदुकीचा पट्टा वाजला.
शिपाई बिराजदार. मिसरूड नुकतं फुटलेलं.
नळी माझ्याकडे, आणि ती हलत होती.

मुलाणी बुजलेल्या जनावराशी बोलावं तसं बोलले,
मालक, उजवा हात वरच राहू दे.
डाव्याने काढा. घाई नाही.

डाव्या हाताने उजवा खिसा
कधी उलगडून बघा.
आपलीच विजार, आपलाच खिसा,
आणि सापडत नाही.

त्यांनी कागद वाचला, नंबर जुळवला, घडीवर घडी घालून परत दिला.
सदरा बाहेर काढा, म्हणाले, झाकून ठेवा.
तुम्ही दाखवता,
मग या पोरालाही दाखवावी लागते.
बिराजदार बॅरिकेडआड पाणी पीत होता.
बाटलीचं टोपण त्याला परत बसवता येईना.
मी गाडीची किल्ली शोधत होतो.
ती गाडीलाच होती.

निवडणूक लागली. आचारसंहिता.
ठाण्यात टेबलावर ठेवलं, पावती घेतली,
पिस्तूल एक, काडतुसं दहा.
लिहिणाऱ्याने मान वर केली नाही.
त्याच्यामागे रांगेत अजून सात जण,
सगळ्यांची पोटं अचानक सुटल्यासारखी.

शनिवारी राजव्वाने आधी माझ्या कमरेकडे पाहिलं.
मग बोटाला थुंकी लावली.
ओकटी, रेंडू, मूडू.
पुन्हा पहिल्यापासून.
साठ रुपये कमी आहेत.

वही पाहिली. होते.
मुनीम छताकडे बघत होता.

मागच्या शनिवारीपण, ती म्हणाली.
त्याच्या मागच्यापण.
मग बोलली का नाहीस?

या प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही.
साठ रुपये वेगळे बांधले, वेगळ्या गाठीत,
आणि पाठ फिरवून
चपला वाजवत निघून गेली.

निकाल लागूनही आता नऊ दिवस झाले.
ठाण्यातून दोनदा फोन आला, घेऊन जा म्हणून.
पावती खिशात आहे.
उजव्या.
हात तिकडे जातो अधूनमधून,
सावकाश,
कुणी बघतंय असं धरून.