नवस तिचा, पाय माझे

कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर
पाठपिशवी ठेवली: नऊ किलो दोनशे.
"काका, आत पेपरच भरलेत का?"
घरी येऊन टॉवेल मधोमध फाडला,
दाढीचं सामान काढलं, तिसरा शर्ट काढला,
छत्री काढली,
मग छत्री परत घातली.

छत्तीस वर्षं महापालिकेत, पाणीपुरवठ्याला.
पहाटे साडेतीनला खांद्यावर लोखंडी चावी,
रस्त्यातलं झाकण उचलून
कुठे चार आटे सोड, कुठे सहा आवळ.
तेव्हा कुणी विचारलं नाही, झेपेल का.
आता डॉक्टर विचारतात, मुलगी नाशिकहून विचारते.
ट्रॅव्हल्सवाला तर कीव करून सांगतो:
दोन दिवसांत आठही गणपती, नाश्ता धरून.

नवस इंदुमतीचा.
मुलगी चार वर्षांची, घटसर्प,
नायडू हॉस्पिटलातली अकरावी रात्र.
आठही ठिकाणी पायी येईन, असं बोलली
आणि मला सांगितलं बत्तीस वर्षांनी,
दोन्ही गुडघे गेल्यावर, मेथी निवडताना:
"तेवढं फेडायचं राहिलं."

मी देवाचा माणूस नाही. पाण्याचा.
पण थकबाकी मला बघवत नाही.

पाच किलो तूरडाळ पाठीवर घेऊन
रोज वेताळ टेकडी चढलो.
नवे बूट चावले, टाचा सोलल्या,
तिसऱ्या आठवड्यात बूट नमले की मी,
ते आजही सांगता येत नाही.
डाळ मात्र पुढे महिनाभर खाल्ली.

पाणीपट्टीच्या बिलामागे तिनं क्रम लिहून दिला,
शास्त्राप्रमाणे:
मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड,
थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव
आणि शेवटी पुन्हा मोरगाव.
"अगं, सिद्धटेकहून परत येताना थेऊर वाटेतच लागतं."
"लागू दे. वळून बघू नका."
आणि फेरी पुरी होईतो घराचा जिना चढायचा नाही,
हे वेगळ्या शाईत.

मार्गशीर्षात निघालो.
मोरगाव झालं. भीमा ओलांडून सिद्धटेक झालं.
सोलापूर रस्त्यानं उलटा पुण्याकडे,
अंगाला घासून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या,
नाकात मळीचा वास,
थेऊर फाट्याला मान वळली, पाय नाही.

आणि मग हडपसर, स्वारगेट, पौड रस्ता,
संध्याकाळी सात, माझीच बिल्डिंग.
स्वतःच्या घराखाली उभं राहून
वर बघायचं कसं, ते कधी शिकलो नव्हतो.
दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून
दूधवाल्याला सोडते ती दोरीची पिशवी
हळूहळू खाली आली.
धपाटे. कोरडे मोजे.
आणि कागदात गुंडाळलेल्या तिच्या चपला,
टाचेखाली लेबल अजून तसंच.
त्या वर्षीच घेतलेल्या. पायी जायला.

काट्याशिवाय सांगतो: साडेचारशे ग्रॅम.

काही बोलेल वाटलं.
"पाणी फार कमी दाबानं येतंय हो," म्हणाली.
"खालच्या व्हॉल्व्हचे दोन आटे सोडायला सांग."
"बरं."
दोरी वर गेली.
मी चांदणी चौकाचा चढ लागलो.

ताम्हिणीत दोन दिवस बोटं वाकत नव्हती.
छत्री एकदाही उघडली नाही.

पालीला चपला ठेवायच्या फळीपाशी एक पोरगं.
त्याच्यापुढे दोन जोड ठेवले.
त्यानं माझ्यामागं पाहिलं. "बाई कुठंयत?"
"येतायत," म्हणालो. "हळू चालतात."
बिल्ला एकच मिळाला, सत्तावन्न नंबरचा.

पाय धुवायच्या नळाला गळती होती,
थेंब, मग थोडं थांबून थेंब.
आधी तो आवळला.
मग आत गेलो.