जाळीखाली

कालिंदीला नवा गुडघा बसवून घरी आणली
आणि तिसऱ्या दिवशी मोरी तुंबली.
आम्ही मोरी म्हणतो, शेजारच्या जिज्ञाबेन चोकडी.
पाणी कुठल्याच भाषेत खाली जाईना.

रमणभाईला फोन केला.
‘काले आवीश, साहेब.’
असं तीन दिवस.

मी बडोद्यात, प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत
छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले.
एका रुपयाची चूक चार वह्यांतून हुडकून काढायचो.
आपल्या घरातलं पाणी कुठे जातं
हे मात्र कधी विचारलं नाही.
जायचं ते.

आतून ती सांगते, उशीला टेकून:
‘जाळी उचल. हात घाल. चिमटा नको, हातच.
दारामागे खिळ्याला हँगरची तार आहे, टोक वाकवलेली.’
खिळा होता. तार होती.
या घरात मी बावीस वर्षं राहतोय.

मग सूचना येतच राहिल्या, न विचारता:
चहाचा चोथा कढीलिंबाच्या कुंडीत.
शिंगतेलाची कढई आधी रद्दीने पुसायची, मग घासायची.
विंचरलेले केस बोटाला गुंडाळून डब्यात.
‘आणि रविवारी गरम पाणी ओत. उकळतं नको,
पाइप प्लास्टिकचा आहे.
आता गुडघाही.’

मनगटापर्यंत हात गेला.
आधी केस, तिचे, टोकाशी मेंदीने तांबडे.
माझ्या ऑफिसच्या शर्टाचं बटण.
डाळढोकळीतला शेंगदाणा, फुगून बदामाएवढा.
मग प्लास्टिक.
पारदर्शक, चौकोनी, पीळ दिलेलं,
एक, चार, नऊ, सतरा.

माव्याच्या पुड्या.

मावा मी अकरा वर्षांपूर्वी सोडला होता,
तिच्या डोक्यावर हात ठेवून.
रात्री चूळ भरताना जाळीच्या फटीतून सरकवायचो.
वाटायचं, पाणी नेतं.

पाणी ढेकर देऊन उतरलं.
मी पुड्या मुठीत धरून, ओल्या लेंग्यात, उभा.

‘सापडल्या का?’

आवाजात राग नव्हता.
चष्मा सापडला का विचारावं, तसा.
‘दर पंधरवड्याला निघतात. पंधरा, कधी वीस.
या महिन्यात मला खाली बसता आलं नाही ना.’

सवयीने मी आकडे मांडू लागलो:
अकरा वर्षं, वर्षाचे चोवीस पंधरवडे,
तितक्या वेळा ती, त्या गुडघ्यांवर...
बेरीज पुढे नेली नाही.

हात धुतले, साबणाने, दोनदा.
पुड्या कोरड्या कचऱ्यात टाकल्या, सगळ्यात वर,
झाकण उघडलं की दिसतील अशा.

‘झालं?’
‘झालं.’
‘मग आता संडास. ब्रश काठाच्या आतून फिरव, खालच्या बाजूने.
तिथेच राहतं सगळं.
वरून स्वच्छच दिसतं.’