पंचवीस शब्द

बुधवारी पहाटे साळगावहून पिएदाद बाईचं ईमेल निघतं
स्विंडनला, लिस्बनला, टोरांटोला
आणि इथे मडगावात, माझ्या भाचीच्या फोनवर.
कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं,
कुठल्या वाड्यावर नळाला पाणी नाही,
आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, फुकट जाहिराती.
मर्यादा पंचवीस शब्द. सव्विसावा कापला जाईल.

"मामा, पाठवूया," म्हणाली प्रज्योती.
मी पायरीवर वेत भिजवत बसलो होतो.
सांगत गेलो, ती टाइप करत गेली:
सप्रेम नमस्कार, श्री दामोदराच्या कृपेने
गेली एकतीस वर्षे आमचे येथे सर्व प्रकारच्या
वेताच्या खुर्च्या, आरामखुर्च्या, सोफे व पाळणे
अत्यंत माफक दरात व वेळेवर विणून मिळतील.

तेवढंच छापून आलं.
पंचविसावा शब्द, मिळतील.
कुठे, कुणाकडे, कुठल्या नंबरवर,
ते सगळं सव्विसाव्यापासून पुढे.

दुसऱ्या खेपेला ईमेलला विषयच दिला नाही.
ते कुठे गेलं, देव जाणे.
तिसऱ्यांदा सोमवारी बारा वाजून दहा मिनिटांनी पाठवलं,
मुदत बाराची.
बाईंचं एका ओळीचं उत्तर:
पुढल्या आठवड्यात घेते. आणि ती चार उद्गारचिन्हं काढा.

मग रविवारी रात्री आम्ही दोघं बसलो,
पुढ्यात पेजेची वाटी, चेपणीचं लोणचं.
"माफक काढ," ती म्हणाली, "महाग आहे असं कोण लिहितं?"
काढलं.
"नमस्कार काढ."
काढला.
"दामोदर?"
मी थांबलो.
"देवाला नंबर पाठ आहे, मामा. गिऱ्हाइकाला नाही."
एकतीस वर्षं काढताना मात्र
पाटावरून उठवल्यासारखं वाटलं.

राहिलं ते असं:
वेताच्या खुर्चीची बैठक फाटली?
घरी येऊन विणतो. मडगाव ते काणकोण.
जुनं लाकूड न ठोकता.
एका खुर्चीला दोन दिवस. शाणू.
आणि फोन नंबर, तो एकच शब्द धरतात.

तिने बोटाने मोजले. वीस.
मी म्हटलं, पाच उरले, काहीतरी घाल ना त्यात.
म्हणाली, "उरू देत."
विषयात लिहिलं: फुकट जाहिरात, खुर्ची विणकाम.
सोमवारी सकाळी नऊला पाठवून ती कॉलेजला गेली.

नवव्या रात्री दीड वाजता फोन.
आग्नेलो फुर्तादो, स्विंडन,
गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या बोलत होता.
रायला घर, आई गेली त्याला सहा वर्षं झाली,
सालात बारा खुर्च्या, सगळ्यांच्या बैठका गेलेल्या.
किल्ली पोदेराकडे आहे, म्हणाला.
मी विचारलं, कधी येणार तुम्ही?
तो म्हणाला, पैसे आजच पाठवतो.

चोवीस दिवस गेलो.
पहाटे पोदेराचा भोंगा ऐकून उठायचं,
त्याच्याच दुकानातून किल्ली आणि दोन उंडे घ्यायचे,
खिडक्या उघडायच्या, वटवाघळाची लेंडकं झाडायची,
भोकातला जुना वेत पोकरून काढायचा.
वेत ओला असताना जरा ढिला ठेवावा लागतो,
वाळताना तोच आवळतो.
जाहिरातीचं असं नसतं, ती वाळल्यावर पाठवायची.

चोविसाव्या दिवशी बारा खुर्च्या भिंतीला लावल्या.
एकेकीवर बसून पाहिलं, नवा वेत जरा कुरकुरतो.
फोटो काढून पाठवला.
त्याने उत्तरात अंगठा पाठवला,
आणि तासाभराने, आईची कुठली होती ते ओळखता येत नाही.

परत येताना बसमध्ये ते उरलेले पाच सापडले:
बसायला कोणी नसेल तरी विणतो.

प्रज्योतीने वाचलं, पुन्हा वाचलं.
"छान आहे," म्हणाली, "पण मामा, हे वाचून
कोणी फोन करणार नाही. रडतील नुसते."
मग सोमवारी नऊला तेच वीस शब्द पाठवले,
काणकोणच्या जागी केपें टाकून,
कारण काणकोणची बस आता दुपारनंतर नसते.