विहिरीचा हिशेब

आधी विहीर, मग गड.
बोग्ना एवढंच सांगते आणि चालू लागते,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात मुलाचे जुने बूट.
आपण चौघं मागून धापा टाकत.

व्रोनिकच्या डोंगरावर तेव्हा नुसतं बीचचं रान.
ड्यूक व्हितोस्लाव्हनं चांदीच्या खाणीतून तिघा भावांना उचलून आणलं.
म्हणाला, पाणी लागेल त्या दिवशी सुटाल.
सात हिवाळे ते कातळ तापवत राहिले.
लाकडं पेटवायची, वरून बर्फ ओतायचा,
दगड तडकला की घण.
पाणी लागलं तेव्हा ऐकायला व्हितोस्लाव्ह उरला नव्हता.
त्याच्या मुलानं शब्द पाळला नाही, मोडलाही नाही:
खंदक खणा, म्हणाला, मग बघू.
धाकट्या येनिकला वरचा उजेड सोसेना.
तो पुढे कायम डोळ्यांवर हात धरूनच चालायचा,
असं वहीत नाही,
असं बोग्नाची सासू सांगायची.

वहीत आहे ते वेगळं.
कोठीवाल्यानं बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलंय:
मेण दीड मण. मीठ, उधार.
पाणी ओढणाऱ्या चाकातल्या गाढवाला ओट, रोज दोन मापं.
गाढव मेलं.
चाकातल्या बाईला ओट, रोज दोन मापं.
पुढे सतरा वर्षं तोच आकडा,
आणि बाईला नाव नाही.

वर राजनिवास उठला. दालनं, देवघर, शिकारीच्या शिंगांची भिंत.
विधवा डचेस लुटगार्डानं सबंध जन्मात एकच हट्ट केला:
एका खिडकीला काच हवी.
आली ती हिरवी, बुडबुड्यांनी भरलेली.
तिच्यातून गावाकडे बघितलं
की सगळं गाव पाण्याखाली दिसायचं.
ती तिथं बसून भरतकाम करायची, लोक म्हणतात.
बोग्ना म्हणते, ती तिथं बसून थंडीनं कुडकुडायची.

मग काय, गडाचं जे होतं ते.
हुंड्यात गेला. गहाण पडला. सोनाराच्या जावयाकडे नऊ वर्षं होता,
त्यानं छताचं शिसं विकून खाल्लं.
एका सैन्यानं जाता जाता विहिरीत मेलेले घोडे टाकले.
शेवटच्या ड्यूकचे गुडघे दुखायचे,
म्हणून दरबार डोंगर उतरला,
सपाटीवर, नदीकाठी, कारंज्यांपाशी.
इतिहासाला कारण लागतं ते
कधी कधी एवढंच असतं.

त्यानंतर धान्य. त्यानंतर कैदी.
त्यांनी भिंतींवर नखांनी दिवस मोजले,
अन् चुन्याचा हात मारणाऱ्यानं ते पुसले.
पाटीवरची भाषा तीनदा बदलली.
बोग्नाची आई पूर्वेकडून गुरांच्या डब्यातून आली,
शिवणयंत्र मांडीवर घेऊन.
तिला मिळालेल्या घरात
आधीच्या बाईनं मळून ठेवलेलं पीठ फुगून
काठवटीबाहेर आलं होतं.
तिनं ते टाकलं नाही. भाजलं.
मुलांना दिलं.
हे सांगताना बोग्ना आपल्याकडे बघत नाही.

विहिरीपाशी ती तांब्याभर पाणी ओतते.
आपण मनात आकडे मोजतो, जो तो आपल्या भाषेत.
दोन. तीन.
कुणीतरी खोकतं.
पाच.
खालून जे येतं त्याला आवाज म्हणावं का,
कळत नाही.
कुणीतरी बोलता बोलता थांबलं, असं काहीतरी.

पाचाला फाटक बंद.
डाव्या हाताला तट एवढा ढासळलाय
की त्यातून गवताची गाडी निघून जाईल,
बकऱ्या तर रोजच येतात-जातात.
तरी बोग्ना मोठी किल्ली काढते,
दोनदा फिरवते, फळी ओढून बघते.
किल्ला गेला, किल्ल्या राहिल्या,
असं मी मनात म्हणतो,
आणि तिला समजावून सांगता येत नाही
की माझ्या भाषेत हे दोन शब्द
इतके शेजारी राहतात.

ती विचारते, शेवटची बस माहीत आहे ना?
सहा दहाला. पुलापासून.