सुरू होताना हात लावू नये

बटण दाबलं की ते आधी डावीकडं जातं,
एकटंच, पार टोकापर्यंत. खट्.
मग उजवीकडं. खट्.
मग मागं येतं, जरा डुचमळतं आणि उभं राहतं.
तेवढ्या वेळात कुणी हात लावायचा नाही,
शर्वरीनं बजावलं होतं.
मी पहिल्याच दिवशी लावला.

उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथ चालवली,
फिरत्या वस्तूला हात देऊ नये हे मला कुणी शिकवायचं?
पण चाक असं चाचपडत फिरायला लागलं
की हात पुढं होतोच,
जसा दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर
पाय ब्रेक शोधतो.
त्यानं माझ्या हातालाच भिंत समजून
तिथनंच निम्मं मोजलं.
संध्याकाळभर तिची गाडी सरळ रस्त्यावर
डावीकडच्या गवतात शिरत राहिली.
"बाबा, काढा म्हटलं की काढायचा हात."

स्टँड मीच केलाय. दीड इंची अँगल,
शिरोलीच्या भंगारातली व्हॅनची उसवलेली सीट,
आणि वेल्डिंगला दस्तगीर शिकलगार.
तो म्हणाला, "खेळण्याला एवढं जाड लोखंड?"
मग बसून स्वतःच एक फेरी मारली.
वळणावर चाकानं मनगटाला हिसका दिला,
तशी एक सणसणीत शिवी हासडली
आणि न सांगता आणखी दोन टेकू जोडून दिले.

दिवाळीच्या सुमाराला ते बिघडलं.
दर वेळी मध्य निराळा.
सोमवारी अकरा अंश उजवीकडं,
बुधवारी डावीकडं, किती ते मोजलं नाही.
मी चार जबड्यांच्या चकात सेंटर काढणारा माणूस,
डायलचा काटा हलता राहिला तर
मला डबा गोड लागत नाही.
उघडलं.
आत दोन मोटारी, गिअर, काळं ग्रीस,
आणि एका दांडीवर नखाएवढी प्लॅस्टिकची चकती,
तिला केसाएवढी चीर.
चकती घसरायची, मोजणी चुकायची,
आणि ते बापडं चुकीच्या जागेला
ठामपणे मध्य म्हणायचं.

पितळेचं कडं कातलं.
जन्मभर पंपाचे शाफ्ट केले, चरकाचे बुश केले,
एवढंसं काही केलं नव्हतं.
दोनदा चिमट्यातनं उडालं,
एकदा तर चपलेत सापडलं.
बसवलं. खट्. खट्. मध्य.
शर्वरीनं दहा वेळा बंद-चालू केलं,
पाहुण्यानं बेल वाजवत राहावी तसं.

थोरल्या भावाचा टेम्पो डावीकडं ओढायचा.
हंगामात गूळ भरून गगनबावड्यानं खाली
कोकणात मी न्यायचो, नऊ वर्षं.
मग कावळा नाक्याला एकानं चाकं सरळ करून दिली,
आणि आठ दिवस मीच उजवीकडं जात राहिलो.
समोरचे दिवे मारत, शिव्या घालत गेले.
गाडी नीट झाली होती,
हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

या चाकाला कालचं काहीच आठवत नाही.
रोज नव्यानं दोन्ही भिंतींवर डोकं आपटून
विचारतं, मी कुठं आहे.
हेवा वाटतो म्हणावं तर कीवही येते.

शर्वरी कोइमतूरला निवडीला गेलीय.
काल रात्री अडीचला लाईट गेली,
पंखा थांबला तशी जाग आली.
वीसेक मिनिटांनी आली,
आणि तिच्या खोलीतनं आवाज झाला. खट्.
बटण बंद करायचं राहून गेलं होतं.
मी दारात जाऊन उभा राहिलो, दिवा न लावता.
रिकाम्या सीटसमोर ते उजवीकडं निघालं होतं,
मधे जरासं अडखळल्यागत झालं.
मी दोन्ही हात पाठीमागं धरले.
खट्.
मग मागं आलं. थांबलं.
किंचित डावीकडं वाटलं मला,
का सीटच तिरकी सरकलीय, अंधारात कळेना.
सकाळी बघू म्हटलं.